चाकानं खाल्लेला दोर

परवा नातू पुण्याहून आला. चार दिवसांची सुट्टी, पण सामान पाहिलं तर वाटावं की घर बदलतोय. एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या भल्यामोठ्या पिशवीत साठ मीटरचा दोर! हा मुलगा सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या नागफणीसारख्या कड्यांवर चढतो. माझ्या पोटात गोळा येतो, पण विचारतो कोण? असो.

सकाळी अंगणात सतरंजी टाकून त्यानं तो सगळा दोर हातातून सरकवत वीत वीत तपासायला घेतला. दोर मुळात निळा असावा, पण जागोजागी काळाकुट्ट. ही स्वयंपाकघरातून आली नि म्हणाली, "किती मळवलास रे! दे इकडे, सोड्यात भिजत घालते." तो ओरडलाच, "आजी, सोडा नको! कोमट पाणी आणि साधा साबण. आणि वाळवायचा तोही सावलीत."

तोवर त्याचे दोन्ही हात कोळसे उचलल्यासारखे झाले होते. मला वाटलं, डोंगरातली माती. तो म्हणाला, "आबा, ही नुसती माती नाही, यात अ‍ॅल्युमिनियम आहे." मला काही पटेना. चकचकीत धातू काळा कसा होईल? पण हिला लगेच कळलं. "अगोबाई, म्हणजे जर्मनचा गंज घासला की हात काळे होतात, तसंच की!" चाळीस वर्षं विज्ञानाच्या शिक्षकांशेजारी बसलो, पण हे उदाहरण मला सुचलं नसतं.

मग त्यानं समजावून सांगितलं. उतरताना दोर ज्या कड्यांतून जातो, ती बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असतात. पोलाद जवळजवळ तिप्पट जड, सगळंच पोलादाचं घेतलं तर अंगावर किती वागवणार? दोर घासला की या कड्यांची बारीक भुकटी निघते आणि दोराच्या विणीत बसते. तोच हा काळा रंग.

मी मास्तर, त्यामुळे शंका काढलीच. "दोर मऊ, धातू कठीण. मग झिजायचं कोणी?"

"दोरात कच असते ना आबा. दगडाची पूड, वाळू. ती विणीत अडकली की दोरच कानस होतो. तो धातूला झिजवतो."

"मग हा काळा रंग धोक्याचा?"

"रंगाचं फारसं नाही हो. धोका हा." असं म्हणून त्यानं एक कॅराबिनर माझ्या हातात दिला. कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणारी कडी. दोर जिथून सरकतो तिथं खोल खाच पडली होती. "बोट फिरवा. हळू." मी फिरवलं. खाचेच्या काठाला धार होती. आधी दोर धातूला झिजवतो, झिजलेल्या धातूला धार येते आणि मग तोच धातू दोराला कापतो. वरून पाहणाऱ्याला दोर तेवढा खराब दिसतो.

ती धार बोटाला लागली मात्र, आणि मी साठ-बासष्ट वर्षं मागे गेलो.

आमचं गाव दारव्ह्याजवळचं. वाड्यामागे विहीर, तिच्यावर लोखंडी चाक. दोर अंबाडीचा. तेव्हा कपाशीच्या कडेनं अंबाडी लावायचे. ती कापून नाल्यात भिजत घालायची, वाख सोडवायचा आणि पीळ देऊन दोर वळायचा. हे काम आमचा सालदार करी. त्यानं वळलेला दोर दुसऱ्या गावचे लोक मागायला येत.

1962 चा उन्हाळा. विहिरीनं तळ गाठला म्हणून गाळ काढायचं ठरलं. दोन माणसं खाली, चौघं वर. चिखलाच्या बादल्या वर येत होत्या. एक बादली अर्ध्यावर आली आणि दोर तुटला. खालचा एक जण बाजूला सरकला, तरी बादली खांद्यावर आदळलीच. जीव वाचला. आजोबांनी औषधपाण्याचा खर्च केला, पण त्याचा तो हात पुढं कधी डोक्याच्या वर गेला नाही.

आजोबांनी तुटलेलं टोक हातात धरून म्हटलं, "कच्चा वाख वापरला यानं." सालदार मान खाली घालून उभा. एवढंच म्हणाला, "दोर नाई तुटला मालक. चाकानं खाल्ला त्याले."

चाकाकडं कोणी पाहिलं नाही. सालदाराच्या त्या वर्षीच्या सालातून एक पोतं ज्वारी कापली गेली.

आता जे सांगतो ते मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. मला ते माहीत होतं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, रोज पाणी ओढायचो. चाकाचं आसाचं भोक मोठं होऊन चाक एका अंगाला कललं होतं. दोर सरकून काठावर घासायचा, तळहाताला गंजाचा काळा-तांबडा पट्टा उमटायचा. दोराच्या एका बाजूला तंतू केसांसारखे उभे राहिले होते. एकदा घसरलेला दोर बसवताना चाकाच्या काठानं माझं बोटही कापलं होतं. पण विहिरीच्या काठावर चढायची मला बंदी होती. सांगितलं असतं तर मार बसला असता. म्हणून मी गप्प राहिलो. बादली पडली त्या दिवशीही गप्पच होतो.

पुढं बाजारातून नवा दोर आला. तो दिवाळीच्या आत तसाच विसविशीत झाला. तेव्हा आजोबांनी काही न बोलता चाक बदललं. ज्वारी मात्र परत दिली नाही.

मी मास्तर झालो. दरवर्षी शाळा सुरू झाली की वर्गात बोपदेवाची गोष्ट सांगायचो. तुम्हीही ऐकली असेल. मंद म्हणून गुरूंनी घरी पाठवलेला मुलगा विहिरीच्या दगडावर दोराच्या खाचा पाहतो, परत फिरतो, आणि पुढं 'मुग्धबोध' हे व्याकरण लिहितो. तात्पर्य : सतत प्रयत्न केला की दगडही झिजतो. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण दोराचं काय झालं?" मी म्हटलं, "नवा आणला असेल." वर्ग हसला, मीही हसलो. आता वाटतं, त्या वर्गात तिलाच गोष्ट कळली होती.

ते जुनं चाक अजून कोठ्यात पडून होतं. मी नातवाला घेऊन गेलो. जाळी-जळमटं झाडून त्यानं चाक उजेडात धरलं, काठावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "आबा, हे तर मी पहिल्याच दिवशी फेकून दिलं असतं." मग त्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "त्यांच्या घरी कोणी आहे का अजून?"

आहे. सालदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच चिंचेखाली खेळलो. संध्याकाळी गेलो. बाजेवर बसून त्याला सरळ सांगितलं, की चाकाला धार होती, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. तो बराच वेळ जमिनीकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "बा मरेपर्यंत हेच म्हने. पन कोनी ऐकलं नाई." आणि थोड्या वेळानं, "च्या घेता ना मास्तर?"

चहा घेतला. गोड लागला असं म्हणवत नाही, पण घेतला.

नातू जाताना तो खाच पडलेला कॅराबिनर ठेवून गेला. "आता हा फक्त किल्ल्या अडकवायला," म्हणाला. नवा घ्यायला पैसे मी दिले. हिनं विचारलं, "कशाचे?" म्हटलं, "ज्वारीचे."

तुमच्याही गावाकडच्या घरात जुन्या विहिरीचं चाक पडलं असेल, तर एकदा काठावरून बोट फिरवून पाहा. हळू.