थर आणि काला

‘पार्फे’ हा शब्द आमच्या मातोश्रींनी प्रथम ऐकला, तेव्हा त्यांना तो एखादा नवा ताप वाटला. “कुणाला झालाय गं?” असे त्यांनी काळजीने विचारले आणि आमची कन्या हसता हसता पाटावरून पडायची राहिली!

आम्ही गोकुळाष्टमीला राधानगरीला गेलो होतो. बाहेर पाऊस असा लागला होता की, शाहू महाराजांच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आता उघडणार की मग, एवढाच गावात विषय. वडील जाऊन दोन वर्षे झालेली. त्या मोठ्या घरात आई एकटी. तेव्हा नातीने आजीची करमणूक म्हणून हा बेत काढला.

“उंच पेल्यात दह्याचा थर, त्यावर फळांचा, पुन्हा दह्याचा. कळलं, आजी?”

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी सांगितले, की शब्द फ्रेंच, अर्थ ‘परिपूर्ण’. मूळ पदार्थ अंड्याचा बलक, साखरेचा पाक आणि साय यांचा, गोठवलेला. पेल्यातले थर ही अमेरिकेची करणी.

“अंडं? अष्टमीचं?” आई उठूनच उभी राहिली. माझे व्याख्यान तिथेच आटोपले.

पण पुढे सूत्रे आईच्याच हाती गेली. नुसत्या दह्याला पाणी सुटते आणि थर एकमेकांत ओघळतात. म्हणून तिने म्हशीचे दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवले. कन्येने हौसेने आणलेला अननस तिने बाजूला सारला. “कच्चा अननस दह्यात घातला की दही कडू होतं,” ती म्हणाली. अननसातला पाचक रस दुधातली प्रथिने तोडतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेले; तिला ते जिभेने ठाऊक. मग केळी आली, डाळिंबाचे दाणे आले. भाजलेले पोहे अगदी शेवटी, नाहीतर मऊ पडतात.

चार पेले ओळीने सजले. आईने कौतुकाने पाहिले आणि म्हणाली, “छान! आता कालवा.”

“अगं आजी, हे कालवायचं नसतं!”

“म्हणजे ज्याचं त्यानं खायचं?” आई थोडी थांबली. “हे गेल्यापासून मी काला केला नाही. दही आहे, पोहे आहेत; पण एकटीचा काला होत नाही रे. एकटीचा होतो तो दहीभात.”

कोणीच काही बोलले नाही. दर अष्टमीला फोनवर “काला झाला का?” असे मी विचारीत असे आणि ती “झाला” म्हणत असे.

कन्येने मुकाट्याने परात ओढली आणि आपला पेला तीत उपडा केला. मागोमाग पत्नीने, मग मी. आईने मीठ, आले, मिरची, काकडी घालून हाताने कालवले आणि प्रत्येकाच्या तळहातावर घास ठेवला. तिचा पेला मात्र तसाच होता. नातीचे मन राखायला तिने तो चमच्याने, एकेक थर करीत, सावकाश संपवला.

निघताना तिने विचारले, “पुढच्या अष्टमीला दही किती टांगू?”

“परातभर,” मी म्हणालो.

या वेळी फोनवर विचारणार नाही.