दुतोंड्या मारुतीच्या गावात

दोस्तांनो, पावसाळ्यात कुणी नाशिककर भेटला तर त्याला एक प्रश्न विचारून पाहा. "काय हो, पूर किती आलाय?" तो तुम्हांला फुटांत किंवा मीटरात उत्तर देणारच नाही. तो म्हणेल, "मारुतीच्या कमरेला लागलंय." तासाभराने विचारलंत तर, "छातीपर्यंत आलं!" आणि फारच जोराचा पाऊस असेल तर घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, "अरे, मारुती बुडाला!"

हा मारुती म्हणजे पंचवटीचा दुतोंड्या मारुती. गोदावरीच्या ऐन पात्रात, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर तो उभा आहे. त्याला दोन तोंडं आहेत, एक या बाजूला नि एक त्या बाजूला. वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की बातमी पोचण्याआधीच घाटावरचे दुकानदार मारुतीकडे बघू लागतात. पाणी त्याच्या गुडघ्याशी आलं की पाटावरची हळदकुंकवाची दुकानं आवरायची, कमरेशी आलं की टपऱ्या वर हलवायच्या. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर तो डोक्यासकट पाण्याखाली गेला होता. सरकारी पूरमापक आहेतच, पण पंचवटीचा भरवसा मारुतीवर.

मला वाटतं, पंचवटी पाहायची तर अशीच पाहावी. इथल्या जुन्या वस्तू कपाटात ठेवलेल्या नाहीत, त्या अजून कामावर आहेत. चला तर, मारुतीपासूनच निघू या. सगळा फेरफटका पायीच करायचा आहे, त्यामुळे पायांत साध्या चपला असू द्या.

नाशिकची जुनी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत बरं का, "गंगा" म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो," असं आजोबा म्हणाले की समजायचं, ते रामकुंडावर निघालेत. नदीच्या उजव्या तीरावर जुनं नाशिक शहर आणि डाव्या तीरावर पंचवटी. ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे धावणारी ही नदी रामकुंडाशी येऊन चक्क दक्षिणेला वळते. या वळणामुळेच ही जागा लोकांनी विशेष पवित्र मानली. रामकुंड बांधून काढलं चित्रराव खटारकर यांनी, १६९६ साली. म्हणजे छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते त्या धामधुमीच्या काळात! पुढे १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग इथेच विसर्जित झाला.

पण नदीत रामकुंड एकटंच नाही. जुन्या नकाशांत या पात्रात ओळीने सतरा कुंडं दिसतात. लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड अशी त्यांची नावं. आता तुम्ही म्हणाल, वाहत्या नदीत कुंडं कशाला? तर उन्हाळ्यात नदी आटायची. तेव्हा तळाच्या काळ्या खडकाच्या भेगांतून येणारे झरे या कुंडांत पाणी टिकवायचे. गावाची ती पाण्याची पेटीच होती म्हणा ना. २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आधी मात्र गर्दीच्या सोयीसाठी यांतल्या बऱ्याच कुंडांवर काँक्रीट घातलं गेलं. तळ गुळगुळीत झाला, पण झऱ्यांची तोंडं बंद झाली. मग गावातल्याच काही लोकांनी जुने नकाशे नि कागदपत्रं धुंडाळली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२० च्या सुमारास काही कुंडांवरचं काँक्रीट फोडायला सुरुवात झाली. खालची जुनी दगडी बांधणी पुन्हा दिसू लागली. माझं विचाराल तर, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात यायला हवी. किल्ला वाचवल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, पण नदीचा तळ वाचवल्याची गोष्ट किती जणांना ठाऊक असते?

रामकुंडासमोर पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वराचं देऊळ लागतं. इथे एक गंमत आहे. शंकरासमोर नंदी नाही! शोधू नका, सापडायचा नाही. कथा अशी सांगतात की, शंकराला लागलेलं पाप रामकुंडात स्नान केल्यानं जाईल ही युक्ती नंदीनेच सांगितली. मग शंकर म्हणाले, "तू तर माझा गुरू झालास. आता माझ्यासमोर बसू नकोस."

आता घाटाच्या कडेने थोडं पुढे जा. तटबंदीसारखी भिंत असलेलं एक देखणं दगडी मंदिर दिसेल. खरं नाव रामेश्वर, पण सगळे म्हणतात नारोशंकराचं देऊळ. नारोशंकर राजेबहाद्दर हे पेशव्यांचे सरदार. मालेगावचा भुईकोट किल्ला त्यांचाच, आणि झाशीला सुभेदार असताना तिथला किल्लाही त्यांनी वाढवला. हे देऊळ त्यांनी १७४७ मध्ये बांधलं. नदीकडच्या भिंतीवर कमानीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती कुठली असेल, सांगा पाहू? ती आहे पोर्तुगीजांची! १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. त्या विजयानंतर वसईकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लावल्या. वाईजवळच्या मेणवलीला आणि भीमाशंकरला तशाच घंटा आहेत. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. म्हणजे पोर्तुगीज प्रार्थनेसाठी ओतलेली घंटा अडीचशेहून जास्त वर्षं गोदावरीकाठी शंकराच्या देवळात आहे. महापुराचं पाणी या घंटेला लागलं की आता शहराची खैर नाही, असं जुने लोक म्हणत. मारुती छोट्या पुराचा मापक आणि घंटा मोठ्या पुराचा!

इथून गल्लीबोळांतून वर चढत गेलं की आपण काळाराम मंदिरासमोर येतो. इथे जरा थांबायचंय, घाई नको.

मंदिर पूर्ण काळ्या दगडाचं आहे. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. ओढा हे नाशिकजवळचंच गाव. दगड आणला रामशेजच्या डोंगरातून. हाच तो रामशेजचा चिमुकला किल्ला, ज्याने छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात मोगलांच्या प्रचंड फौजेला पाच-सहा वर्षं झुंजवलं. बांधकामाला बारा वर्षं लागली, दोन हजार माणसं राबत होती, दगड दुधात उकळून पारखला, अशा कितीतरी गोष्टी सांगतात. दुधाची गोष्ट खरी की खोटी, ते राहू द्या. पण दोन दगडांच्या सांध्यावर बोट फिरवून पाहा, म्हणजे पाथरवटांनी काय काम केलंय ते कळेल. आत राम, सीता नि लक्ष्मण यांच्या काळ्या मूर्ती आहेत. भोवती ओवऱ्या, समोर सभामंडप.

आता मागे वळा आणि पूर्वेच्या महादरवाजाकडे बघा. या मंदिरातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कोणती असं मला विचाराल, तर मी या दरवाजाकडे बोट दाखवीन.

२ मार्च १९३०. रविवारचा दिवस. नाशिकच्या रस्त्यावरून एक मिरवणूक निघाली. चार-चार जणांच्या रांगा, सुमारे पंधरा हजार माणसं, मैलभर लांब. पुढे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्याबरोबर होते याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्याचे तरुण कार्यकर्ते भाऊराव गायकवाड, म्हणजेच पुढे सर्वांचे दादासाहेब गायकवाड. मागणी एवढीच, की ज्या रामाला आम्हीही मानतो, त्याच्या देवळात आम्हांला जाऊ द्या. कारण त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना या दरवाजातून आत जायला बंदी होती. मुंगीला बंदी नव्हती, चिमणीला बंदी नव्हती. माणसांना होती.

मिरवणूक इथे पोचली. दरवाजा बंद. पोलीस उभे. मिरवणूक शांतपणे वळली आणि आपण आत्ताच चढून आलो त्या गोदाघाटावर गेली. तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष नि पंचवीस स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली. आतले लोक दरवाजा उघडेनात, बाहेरचे उठेनात. त्याच मार्चमध्ये, १२ तारखेला, गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला निघाले होते. तो सत्याग्रह तुमच्या पुस्तकात असतो. हा सुद्धा सत्याग्रहच होता, फक्त इंग्रजांविरुद्ध नव्हता. आपल्याच माणसांकडे होता.

मग आला ९ एप्रिल, रथाचा दिवस. रामनवमीनंतरच्या एकादशीला पंचवटीत रामरथ आणि गरुडरथ निघतात, आजही निघतात. त्या वर्षी ठरलं होतं की दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. पण ऐन वेळी रथ दुसरीकडूनच पळवण्यात आला, आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. बाबासाहेबांनाही दगड लागले. तरी सत्याग्रह थांबला नाही. बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले, तेव्हा इकडची बाजू गायकवाडांनी सांभाळली. जवळजवळ पाच वर्षं लोक येत राहिले, मार खात राहिले, तुरुंगात जात राहिले. दरवाजा उघडला नाही.

नुसत्या दर्शनानं आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेब तेव्हाही सांगत होते. प्रश्न माणूस म्हणून बरोबरीने वागवलं जाण्याचा होता. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला त्यांनी जाहीर केलं की, मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. इकडे १९४७ साली मुंबई प्रांतात कायदा झाला नि देवळांचे दरवाजे सर्वांना उघडले. आज तुम्ही-आम्ही या दरवाजातून सहज आत जातो, कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. आईबाबांबरोबर गेलात तर उंबऱ्याशी क्षणभर थांबून ही गोष्ट त्यांना सांगा. त्यांना ठाऊक असेल तर तेच तुम्हांला आणखी सांगतील.

मंदिरातून बाहेर पडलं की जवळच सीतागुंफा आहे, आणि तिच्यासमोर ते प्रसिद्ध वड. पाच वड, म्हणून पंचवटी. वाल्मीकींच्या रामायणात अगस्त्य ऋषी रामाला पंचवटीत राहायला सांगतात नि लक्ष्मण तिथे पर्णकुटी बांधतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक, म्हणजे नासिका, कापली ती जागा पुढे तपोवनात दाखवतात, आणि त्यावरून नासिक हे नाव पडलं असं म्हणतात. मात्र तेलंगणात, भद्राचलमजवळ, पर्णशाळा नावाचं गाव आहे. तिथलेही लोक म्हणतात, रामाची पंचवटी आमचीच! तीही गोदावरीकाठीच आहे. भांडण आपण सोडवायला नको, नदी दोघांची आहे. नाशिकचं नाव जुनं आहे, याला पुरावा मात्र दगडावरचा आहे. पांडवलेण्यांतल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात नाशिककरांचा उल्लेख येतो.

"हेच ते रामाच्या वेळचे वड का?" असं सगळी मुलं विचारतात. वडाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच खोड होते. मूळ बुंधा गेला तरी झाड पुढे सरकत राहतं. तेव्हा वडाचं वय नक्की कुठून मोजायचं, हे तुमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारून बघा! गुंफेत उतरताना मात्र डोकं सांभाळा. जिना इतका अरुंद नि बुटका आहे की मोठ्या माणसांना बसत-सरकतच जावं लागतं. मुलांचं काम सोपं.

आणखी एक खजिना पंचवटीत आहे, पण तो देवळात नाही, घरांत आहे. इथल्या क्षेत्रोपाध्यांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाचं नाव, गाव, वडलांचं, आजोबांचं नाव, सगळं त्यांत लिहिलेलं असतं. तुमचं आडनाव आणि मूळ गाव सांगा. वहीत नोंद असेल तर ते पान उघडतील, आणि कदाचित तुमच्या खापरपणजोबांची सहीच समोर येईल. जायच्या आधी आजीकडून मूळ गावाचं नाव तेवढं नीट विचारून घ्या.

आणि शेवटी रहाड! शनी चौकातून तुम्ही चालत जाल, तेव्हा पायाखाली काय आहे याची कल्पनाही येणार नाही. तिथे जमिनीत पेशवेकाळातला एक खोल दगडी हौद आहे. त्याला म्हणतात रहाड. वर्षभर तो फळ्या नि माती टाकून बुजवलेला असतो, वरून वाहनं जातात. नाशिकला रंग धुळवडीला खेळत नाहीत, रंगपंचमीला खेळतात. त्याच्या आधी काही दिवस लोक माती उकरतात, फळ्या काढतात, हौद धुतात नि रंगाच्या पाण्याने भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पलीकडच्या तीरावर तिवंध्याची रहाड पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी आणि आपल्या शनी चौकाची गुलाबी. पूजा झाली की मग एकेक जण धावत येऊन आत उडी ठोकतो. त्याला "धप्पा मारणे" म्हणतात. काठावरचे सगळे भिजतात. दिवस संपला की पुन्हा फळ्या, पुन्हा माती, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावरून रिक्षा धावू लागतात.

मुंबईकरांना यायला पंचवटी एक्सप्रेस आहेच. नाशिकरोड स्टेशनवर उतरून शहर बसने निमाणी किंवा पंचवटी कारंजा गाठायचा, पुढे सगळं पायी. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत फिरणं होतं. पावसाळ्यात आलात तर मारुतीकडे आधी बघा, पाणी किती आहे ते. रहाड पाहायची असेल तर रंगपंचमीलाच या, आणि जुने कपडे घालून या. ते गुलाबी झाल्याशिवाय परत जाणार नाहीत.