मागण्याचे व्याकरण

शब्द बोलणाऱ्याविषयी बरेच काही सांगून जातात, असे मी भाषाविज्ञान शिकवताना वर्षानुवर्षे सांगत आलो. माझ्याच एका वाक्याने माझ्याविषयी जे सांगितले, ते कळायला मात्र मला एक रात्र जागावी लागली.

माझा मुलगा चाकणला मोटारींचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी तो रात्रपाळीला असताना, त्याच्या विभागात प्रेसखाली एका कामगाराचा हात सापडल्याची बातमी आली. नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मुलाचा फोन लागेना. चिंचवडच्या घरी देवघरासमोर हात जोडून मी म्हणालो, "देवा, तो आमचा नसू दे." पवनाकाठच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात 21 मोदकांचा नवसही बोललो. अर्ध्या तासाने मुलाचा फोन आला. तो सुखरूप होता. "देव पावला," पत्नी म्हणाली.

तरी झोप येईना. अपघात तर मी हात जोडण्यापूर्वीच घडून गेला होता; कोणाचा तरी हात यंत्राखाली सापडलाच होता. मग माझ्या मागण्यात उरले काय? तो हात दुसऱ्या कोणाचा असावा, एवढेच. असे मी उच्चारले नव्हते. पण माझ्या वाक्याचा दुसरा अर्थ संभवत नव्हता.

'प्रार्थना' या शब्दाच्या मुळाशीच मागणे आहे. नवस आपण कर्जासारखा 'फेडतो'. देव 'पावतो' आणि दुकानदार 'पावती' देतो, ही रूपेही एकाच धातूची. तेव्हा मागण्यात कमीपणा नाही, आणि बापाच्या भीतीला पाप म्हणवत नाही. पण त्या भीतीलाच मी भक्ती समजत होतो, हे त्या रात्री प्रथम जाणवले.

चिंचवड आणि चाकण यांच्या मधल्या मुलखात आळंदी आहे. तेथे समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितले. दान ते स्वतःला मागतात, लाभ मात्र सर्वांसाठी. दुष्टांचाही नाश ते मागत नाहीत. त्यांचे वाकडेपण जावे, एवढेच म्हणतात. त्या मागण्यात कोणाच्याही वाट्याचे काही कमी व्हावे लागत नाही. हे पसायदान मी अनेकदा वर्गात शिकवले होते.

मोदक घेऊन मंदिरात जाण्यापूर्वी मी रुग्णालयात गेलो. मराठवाड्यातून आलेला तो 22 वर्षांचा मुलगा. उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. मला पाहून तो उठून बसला. "काका, दादा त्या मशीनवर नव्हते, बरं झालं," तो म्हणाला. मला उत्तर सुचले नाही. मी त्याच्या डाव्या हातावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

नवस फेडला. बोललेला शब्द मोडवेना. आजही देवापुढे उभा राहिलो, की पहिले नाव माझ्या मुलाचेच येते; ते बदलेल असे वाटत नाही. दुसरे नाव त्या मुलाचे घेतो. ते घेताना मन किती स्थिर असते, हे मात्र दररोज तपासून पाहावे लागते.