ठिगळ कुठे लावावे

दुरुस्तीविषयी आपल्या मनात एक हळवा आदर असतो. गोधडीचे ठिगळ, चपलेला घातलेला टाका, कल्हई करून पुन्हा वापरात आलेले पातेले, या साऱ्यांत आपल्याला काटकसर दिसते आणि काटकसर हा आपल्याकडे जवळजवळ नैतिक गुणच मानला जातो. धड दिसणारी वस्तू टाकून नवी आणणारा मात्र उधळ्या ठरतो. मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना तर ठिगळाचे अंमळ अधिकच कौतुक. पण आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असेही हीच भाषा विचारते. ठिगळ लावावे की नाही, हे ठरवण्याआधी ते कुठे लावायचे आहे हे पाहावे लागते, असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा. मोटारीच्या एका टायरने आम्हांला हा अर्थ जितका नेमका समजावला, तितका तो कोणत्याही म्हणींच्या कोशाने समजावला नव्हता.

आम्ही दोघे नवराबायको, दोघेही महाविद्यालयात मराठीचे अध्यापक. एकाची नोकरी कायम, दुसरीची तासिका तत्त्वावर. मुक्काम खांडबारा, तालुका नवापूर. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात मोडत होते. गावाला रेल्वे स्थानक आहे, पण गाड्यांच्या वेळा आणि तासांच्या वेळा यांचे काही जमत नाही. म्हणून एक लहानशी मोटार घेतली. आमच्या रस्त्यांवर बैलगाड्या अजून आहेत. बैलाच्या नालेतून निसटलेला खिळा डांबरावर पडून राहतो आणि कुणाच्या तरी चाकाची वाट पाहतो.

असे दोन खिळे आमच्या वाट्याला आले. पहिला तीन वर्षांपूर्वी, टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी. बसस्थानकाजवळच्या पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला, आतून हात फिरवून पाहिला, छिद्र साफ केले आणि आतून 'मशरूम' बसवला. हे नाव अगदी सार्थ आहे: देठ छिद्रात जाऊन ते बुजवतो आणि छत्री आतल्या बाजूला चिकटून बसते. तो टायर आजतागायत चालतो आहे. दुसरा खिळा गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या टायरमध्ये घुसला. खिळा तसाच, छिद्रही तेवढेच. फरक फक्त दोन-अडीच बोटांचा होता. हा खिळा कडेला, पट्टा संपून टायरची बाजू जिथे सुरू होते त्या वळणावर रुतला होता. टायरच्या या भागाला खांदा म्हणतात.

एवढ्याशा अंतराने निर्णय का बदलावा, हे टायरची घडण समजल्यावरच कळते. आजच्या रेडियल टायरमध्ये पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात. तिथे टायर ताठ राहतो, म्हणून तिथले लहान छिद्र बुजवले की बुजलेले राहते. बाजूला असे पोलाद नसते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले धाग्यांचे थरच तिथे सारा भार पेलतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हा भाग दबतो, फुगतो, पुन्हा दबतो. तिथला धागा एकदा तुटला की वरून कितीही रबर चिकटवले तरी तो सांधला जात नाही. म्हणून सर्वत्र मान्य असलेला नियम असा की, छिद्र पट्ट्याच्या मधल्या भागात असावे, सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे आणि टायर उतरवून आतून तपासलेला असावा. बाहेरूनच रबराची चिकट दोरी खुपसून केलेले काम फार तर पुढच्या गावापर्यंत पोहोचण्यापुरते. हवा गेलेल्या टायरवर गाडी बरीच चालली असेल, तर आत काळी भुकटी सापडते. ती बाजूच्या आतल्या रबराची असते. मग छिद्र मध्यभागी असले तरी टायर गेला असेच समजावे.

त्या दिवशी स्टेपनी लावून आम्ही गावात आलो. हा शब्द आमच्या व्यवसायाला साजेसे कुतूहल जागवणारा आहे. वेल्समधील लानेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक तयार केले. त्यांचे दुकान ज्या स्टेपनी रस्त्यावर होते, त्याचे नाव त्या चाकाला मिळाले. खुद्द इंग्लंडात हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. आपल्याकडे मात्र खांडबाऱ्याचा ट्रकवालाही तोच वापरतो. स्टेपनी आपल्याला विचार करायला वेळ देते, हा तिचा मोठा उपकार. रस्त्याच्या कडेला, अंधारात, घाईने काहीच ठरवावे लागत नाही. २०२० साली नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीवाचून धावण्याची मुभा मिळाली. आमची गाडी जुन्या वळणाची आहे, याचे आम्हांला समाधान वाटते.

पंक्चरवाल्याने टायर उतरवला, उजेडात धरला आणि म्हणाला, "सर, मधे असतं तर आत्ता भरून दिलं असतं. हे कडेला आहे. ट्यूब टाकून देतो, गावात चालेल. घाटात नका नेऊ, मॅडम."

आम्हांला नेमके घाटातच जायचे होते. दोन दिवसांनी आईंना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी धुळ्याला न्यायचे होते. विसरवाडीहून पुढे निघाले की कोंडाईबारी घाट लागतो आणि त्या महामार्गावर अवजड ट्रक रात्रंदिवस धावत असतात. ट्यूब घातली असती तर हवा राहिली असती. तुटलेले धागे मात्र तुटलेलेच राहिले असते, शिवाय ते दिसेनासे झाले असते. दुसऱ्या बाजूला पैशाचा हिशेब होता. ट्यूबला काही शे रुपये, नव्या टायरला चार हजारांच्या पुढे. एकाच आसावरचे दोन्ही टायर सारखे असावेत म्हणून जोडी घ्यायची तर दुप्पट. तासिकांचे मानधन महिनोन्महिने अडकून पडते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना आठ हजारांचा आकडा केवढा दिसतो हे सांगायला नको. किती तासिका म्हणजे एक टायर, हे गणित आमच्यापैकी एकीने तिथेच, दुकानाच्या बाकावर बसून बोटांवर केले. मग ती म्हणाली, "हे गणित आपलं आहे. आईंना त्यात का बसवायचं?" पुढे चर्चा झाली नाही. नवी जोडी मागच्या चाकांना बसली आणि उरलेला धड टायर स्टेपनी झाला.

दुरुस्तीची महती याने कमी होत नाही. एस.टी. महामंडळ आपल्या बसगाड्यांच्या झिजलेल्या टायरांवर स्वतःच्या केंद्रांत नवा थर चढवते. विमानांचे टायरही असेच पुन्हा पुन्हा वापरले जातात. फरक इतकाच की, तिथे थर चढवण्याआधी आतला सांगाडा तपासतात आणि तो निकामी असेल तर टायर बाद करतात. आपली काटकसर बहुधा या तपासणीपाशी अडते. गोधडीचे ठिगळ उसवले तर थंडी वाजेल, आणि तीही आपल्यालाच. घाटात टायर फुटला तर किंमत शेजारी बसलेल्याने, समोरून येणाऱ्याने मोजायची असते.

एक प्रश्न मात्र शिल्लक होता. तो जुना टायर वरून चांगला दिसत होता. नक्षी भरपूर होती. कायद्याने मागितलेल्या १.६ मिलिमीटरच्या तिप्पट तरी असावी. दुकानात बसलेल्या एका जीपवाल्याने तो पाचशेला मागितला. त्याच्या जीपमध्ये आठवडे बाजाराची माणसे दाटीवाटीने बसतात, मागे लोंबकळतातही. तो म्हणाला, "ट्यूब टाकून चालवून घेऊ, सर." त्यात लबाडी नव्हती, त्याचेही पोट त्या चाकावर होते. पण आमच्या आईंसाठी जो टायर आम्ही नाकारला, तो बाजाराला निघालेल्या कुणाच्या आईसाठी चालेल असे म्हणणे आम्हांला जमेना. आम्ही पंक्चरवाल्याला टायर कापायला सांगितले. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग धार लावलेला सुरा पाण्यात बुडवून बाजू चिरत नेली. जीपवाला काही न बोलता उठून गेला. पट्ट्याचे तुकडे चपलांच्या तळव्यांसाठी एकाने नेले, उरलेले कडे पत्र्यावर वजन म्हणून ठेवायला दुसऱ्याने. पाचशे रुपये आमचे गेले आणि जीपवाल्याला टायर कुठून तरी घ्यावाच लागला असेल. तो कोणता घेतला, हे आम्हांला ठाऊक नाही.