आमसुलांची पुडी

आमच्या परसात रातांब्याचे एकच झाड आहे. मे महिन्यात आई फळे फोडते. साली मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या. पाच-सहा दिवसांनी आमसुले होतात. मधेच वळवाचा पाऊस आला, तर बुरशी धरते. बिया कुटून, उकळून ती मुठेल वळते.

कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. शहरात आत्याकडे राहून शिकतो. जूनमध्ये निघताना आई पुडी हाती देते. म्हणते, "वन्सं पैसे घ्यायच्या नाहीत, हे घेतील."

आत्या आमसुले बरणीत भरते, मुठेल भेगाळल्या टाचांना लावते. उपकार असे फिटत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक आहे. पण वर्षभर आत्याच्या आमटीत आमचे झाड असते, आणि मी ताठ मानेने पानावर बसतो.