जिन्याखालचा जनरेटर

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक गुरुवारीच निघतात. लहानपणी मला याचं काही वाटायचं नाही. पप्पा घरी असायचे, एवढंच महत्त्वाचं. घरून काम सुरू झालं आणि तोच गुरुवार डोक्यात जायला लागला. बेंगळुरूच्या मॅनेजरला "आज गुरुवार आहे" हे कारण कसं पटणार?

९ फेब्रुवारी २०२२ला तर बुधवार होता. पहाटे धुक्यात आणि दवात ४०० केव्हीच्या लाइन ट्रिप झाल्या आणि पुण्याचा बराच भाग, पिंपरी-चिंचवड, चाकण एमआयडीसी, सगळं बंद पडलं. माझं रिलीज अडकलं. त्याच आठवड्यात एका मंडपवाल्याकडून पेट्रोलवर चालणारा सेकंडहँड जनरेटर घेतला. पप्पांनी फक्त "ठेवणार कुठे?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "बघू."

चिखलीतलं आमचं घर म्हणजे खाली आई-पप्पा आणि वर माझी खोली. जूनमधल्या एका गुरुवारी सकाळपासून पाऊस होता आणि लाईट नव्हती. बाहेर ठेवला तर भिजेल, शिवाय चोरीची भीती. म्हणून जनरेटर आतल्या जिन्याखाली ठेवला. पाऊस आत येतो म्हणून दार अर्धं लोटलं आणि वर जाऊन हेडफोन लावले.

एक वाजून गेला तरी आईची जेवायला हाक आली नाही. खाली गेलो तर ती दिवाणावर पडलेली. "डोकं ठणकतंय रे, मळमळतंय. पित्त झालं असेल." मी तिला पित्ताची गोळी दिली आणि परत वर गेलो. माझंही डोकं जड होतं; मला वाटलं, स्क्रीनमुळे असेल. हे लिहिताना अजूनही हात थांबतो. मी गोळी दिली आणि परत वर गेलो.

थोड्या वेळाने पप्पा मंडईतून आले. दारातच थबकले, पिशव्या टाकल्या, जनरेटर बंद केला आणि आईला धरून बाहेर पत्र्याखाली आणलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या शेडमध्ये कुणी गाडी चालू ठेवली तर सुपरवायझर ओरडतो. आणि तू घरात इंजिन लावलंस?" दवाखान्यात आईला ऑक्सिजन दिला. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली आणि मलाच समजावायला लागली.

रात्री मी फोनवर वाचत बसलो. १३ जुलै २०२१ला चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरमध्ये एकाच कुटुंबातले सहा जण गेले होते. रात्री लाईट गेली म्हणून घरातच जनरेटर लावून झोपले होते. पुढचं मला वाचवेना.

इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे मी इंजिनिअरिंगला पेपरात लिहून मार्क घेतले होते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. पेट्रोलचा वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं नसतं. आणि लक्षणं अगदी पित्तासारखी: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. झोपेत तर तीही कळत नाहीत. खिडकी उघडी ठेवून किंवा पंखा लावून भागत नाही. जिना, पार्किंग, गॅलरी, सगळं घरातच धरायचं. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब हवा आणि धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला.

दुसरी चूक मी करणारच होतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवायचा माझा बेत होता. गल्लीतले वायरमन काका हे ऐकून चिडलेच. "अरे, तुझी वीज उलटी ट्रान्सफॉर्मरवर जाईल. तिथे ती अकरा हजार व्होल्टची होते. लाइन बंद आहे म्हणून मी खांबावर चढलेलो असतो!" आमच्यासाठी पावसात खांबावर चढणारा माणूस माझ्यामुळे गेला असता. घराच्या वायरिंगला जोडायचंच असेल, तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्यायचं. नाहीतर जाड, चांगल्या वायरने एकेक वस्तू थेट जनरेटरला लावायची. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. आणि ओल्या हाताने त्याला शिवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी टेप काढला. आमच्या दारापासून वीस फूट म्हणजे शेजारच्या काकूंची स्वयंपाकघराची खिडकी. मागच्या बाजूला मोजलं, तर तिथे भाडेकरूंचं पोरगं झोपतं. सगळीकडून मोजून झालं. आमच्या गल्लीत त्या जनरेटरला जागाच नव्हती.

तो विकला. घेणाऱ्याला हे सगळं दोनदा सांगितलं. त्याचं शेत आहे, मोकळी जागा आहे. राउटर आणि लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर घेतला. तो संपला की मॅनेजरला मेसेज टाकतो, 'लाईट नाही, उद्या करतो.' अजून तरी नोकरी गेलेली नाही. पण आईने "डोकं दुखतंय" म्हटलं की मी आजही आधी खाली धावतो आणि दार उघडतो.