तात्यांची पाठ

तात्या, आमचे थोरले चुलते, अंथरुणाला खिळले तसे तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवले. लादी चकचकीत, भिंतीवर देणगीदारांची पाटी. आम्ही खूश.

बैल घेताना मी झुलीला भुलत नाही; खांदा अन् खूर बघतो. इथं मात्र भुललो. एकदा धोतर बदलताना दिसलं, माकडहाडावर रुपयाएवढी जखम. अशा माणसाला दर 2 तासांनी कुशीवर वळवावं लागतं. रात्री 30 म्हाताऱ्यांमागं एकच बाई. ती किती जणांना वळवणार?

"बोभाटा करू नको, तिची नोकरी जाईल," तात्या म्हणाले.

घरी आणलं. मोबाइलवर गजर लावला. चौथ्या रात्री तो वाजून वाजून थांबला. मला जागच आली नाही.